आमचा बंब परसातच बरा!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी अजून बंब आहे का हो? असला तर कुठे आहे? माळ्यावर आडवा पडलाय, की चकचकीत करून दिवाणखान्यात शोभेला ठेवलाय? हल्ली बऱ्याच घरांत तो असाच दिसतो. आमच्याकडे मात्र तो अजून पेटतो. परसात, पत्र्याखाली, न्हाणीघराच्या भिंतीपासून चांगला चार हात लांब. कुणी पाहुणी आली की हमखास विचारते, "अहो, इतक्या लांबून गरम पाण्याच्या बादल्या कशाला वाहता? न्हाणीघरातच ठेवायचा की बंब!" तेव्हा मी नुसती हसते. पण आज तुम्हाला सांगणार आहे, तो तिथे का आहे ते. सांगताना माझी चूकही सांगावी लागेल. हरकत नाही. एवढ्या वर्षांनी लाजायचं कशाला?

माझं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. दोन खोल्या, रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यावर पातेलंभर पाणी. ते पाचजणांत वाटून घ्यायचं! १९७९ साली लग्न होऊन मी साताऱ्याच्या वाड्यात आले. पहिल्याच पहाटे परसातल्या खुडबुडीनं जाग आली. बाहेर येऊन बघते तो सासूबाई काळोखात बंबापुढे बसलेल्या. कंबरेपर्यंत उंचीचा तांब्याचा बंब, डोक्यावर टोपी, बाजूला पितळी तोटी, आणि वरून धूर निघतोय. मला तर आगगाडीच्या इंजिनाचंच पिल्लू वाटलं ते! माझ्या आजेसासऱ्यांनी तो पुण्याच्या तांबट आळीतून आणला होता म्हणे. 

ज्यांनी बंब पाहिलाच नसेल त्यांच्यासाठी सांगते. बंबाच्या पोटात मधोमध एक उभं नळकांडं असतं. विस्तव त्या नळकांड्यात आणि पाणी त्याच्या सभोवती. खाली जाळी असते, तिच्यातून हवा आत येते आणि राख खाली पडते. ढलप्या वरून टाकायच्या. पातेलं चुलीवर ठेवलं तर जाळ बाजूनं निसटून जातो. इथे तो पाण्याच्या मधूनच वर चढतो, आणि तांब्यातून उष्णता झटकन पाण्यात उतरते. म्हणून मूठभर लाकडांत घरादाराच्या आंघोळी होतात.

सासूबाईंनी मला बंब शिकवला तो जवळजवळ स्वयंपाकासारखाच. पहिला धडा, "पाणी आधी, विस्तव मग." रिकाम्या बंबात जाळ केला की सांध्यांचे डाग सुटतात आणि मग तोटीपाशी जी गळती लागते ती काही केल्या थांबत नाही. एक बादली गरम काढली की लगेच एक बादली गार ओतायची, हा घरचा नियम. माझा मोठा दीर दोन बादल्या काढून गुपचूप पसार व्हायचा, तेव्हा सासूबाई ओल्या पंचानिशी त्याला परत बोलावून पाणी भरायला लावायच्या!

दुसरा धडा लाकडांचा. वर्षाचं जळण चैत्र-वैशाखात भरून ठेवायचं. ताज्या तोडलेल्या लाकडात कधी कधी निम्मं वजन पाण्याचंच असतं. ते जाळायचं म्हणजे आधी लाकडातलं पाणी तापवायचं आणि मग उरलं तर आंघोळीचं! सासूबाई दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघायच्या. टणटण वाजल्या तर वाळलेल्या, बद्द आवाज आला तर परत उन्हात. बाभळीची ढलपी सगळ्यांत चांगली, हळू जळते आणि निखारा धरते. पेटवायला नारळाची शेंडी आणि दोन करवंट्या. बस्स.

चार वर्षं असं छान चाललं. मग आला १९८३ सालचा पावसाळा.

साताऱ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. यवतेश्वराकडून वारा सुटला की पाऊस उभा पडतच नाही, आडवा येतो. तेव्हा परसात बंबावर पत्राही नव्हता, नुसतं एक जुनं ताडपत्रीचं छप्पर. लाकडं ओली, सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि त्या डोक्यावर पोतं घेऊन फुंकणीनं फुंकताहेत. मला बघवेना. त्यात धाकट्या वन्संचं लग्न ठरलेलं, घरात येणंजाणं फार. मी विचार केला, आपण शिकलेल्या, मुंबईच्या. यातून काही मार्ग काढायला नको का?

मार्ग काढला. बंब न्हाणीघरात आणला आणि लाकडांऐवजी वखारीतून लोणारी कोळशाचं पोतं मागवलं. कोळशाला धूर नाही. धूर नाही म्हणजे त्रास नाही. पाणी हाताशी, पावसात जायला नको, भिंती काळ्या व्हायला नकोत. इतकं सोपं कसं कुणाला सुचलं नाही, याचंच मला नवल वाटलं!

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, विस्तव घरात कोंडू नये."

"आई, पण याला धूरच नाही ना," मी म्हटलं.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. घरात सगळ्यांनी माझं कौतुकच केलं. दोन दिवस गेले. माझं डोकं जड झालं होतं. ह्यांचंही सकाळी दुखत होतं. पण पावसाळी हवेनं दुखत असेल, असं म्हणून आम्ही सुंठ उगाळून लावली. आंघोळीनंतरच दुखतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी वन्संची न्हाण्याची पाळी. केस गुडघ्याला टेकणारे. शिकेकाई लावायची म्हणजे अर्धा तास सहज. झडीचं पाणी आत येत होतं म्हणून त्यांनी खिडकी घट्ट लावली आणि दाराच्या फटीला पायपुसणं सारलं. मी ओट्याशी भाकरी थापत होते. थोड्या वेळानं सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पाण्याचा आवाजही नाही. मला वाटलं, केसांना शिकेकाई चोळत असतील. सासूबाई मात्र उठल्या आणि त्या गुडघ्यांनी अक्षरशः धावल्या.

कडी आतून लावलेली. ह्यांनी खांद्यानं दार फोडलं. वन्सं जमिनीवर पडलेल्या, एक हात कडीच्या दिशेनं. सासूबाईंनी स्वतःचं लुगडं सोडून त्यांच्यावर टाकलं आणि आम्ही दोघींनी त्यांना ओढत ओसरीवर आणलं. पाऊस अंगावर येत होता. माझे हातपाय गार पडले होते. सासूबाई त्यांचे गाल थोपटत होत्या आणि माझ्या मनात एकच, हे मी केलं.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. ओकारी झाली. आमचे डॉक्टर आले, न्हाणीघरात डोकावले आणि काही न विचारता म्हणाले, "आधी दवाखान्यात चला. प्राणवायू द्यायला हवा." दोन दिवस ठेवलं, आणि देवाच्या दयेनं सगळं ठीक झालं.

नंतर वन्सं सांगत होत्या ते ऐका. "वहिनी, डोकं गरगरायला लागलं, तेव्हा कळलं होतं मला, बाहेर जायला हवं. कडी दिसत होती. पण हातच उचलेना. पाय कापसाचे झाले होते." हे वाक्य मी आजवर विसरलेली नाही. गुदमरायला लागलं की माणूस उठून दार उघडेल, असं आपल्याला वाटतं. तो उठूच शकत नाही!

डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. विस्तवाला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला प्राणवायूपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक ओढीनं चिकटतो आणि मग शरीराला प्राणवायू पोचतच नाही. कोळशाचा धगधगता निखारा तर तो भरपूर सोडतो. "वहिनी, धूर बरा," ते म्हणाले, "तो डोळ्यांत जातो म्हणून माणूस पळतो तरी."

मैत्रिणींनो, खरी परीक्षा पुढेच होती. लग्न तोंडावर आलेलं. आळीत बातमी पसरली, मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध पडली. आणि बायकांची तोंडं कोण धरणार? एकीनं दारात येऊन गोड आवाजात विचारलंच, "फिटबिट येते का हो मुलीला?" ही कुजबुज सासरच्यांच्या कानांवर गेली असती तर काय झालं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाई आता मला काय म्हणतील, आणि लोकांना काय सांगतील, याचीच धास्ती.

दुसऱ्या दिवशी मुलाकडची मंडळी भेटायला आली. सासूबाई त्यांना चहाआधी थेट न्हाणीघरात घेऊन गेल्या. फुटलेलं दार दाखवलं, लावलेली खिडकी दाखवली, कोळशाचं पोतं दाखवलं. म्हणाल्या, "आम्ही बंब आत ठेवला. आमची चूक झाली. मुलगी धडधाकट आहे, डॉक्टरांना विचारून घ्या."

"आम्ही." सुनेनं ठेवला, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशीही नाहीत आणि पुढे हयातीत कधीच नाहीत. मला नंतर एवढंच म्हणाल्या, "तू माझ्या गुडघ्यांसाठी केलंस, ते मला कळत नाही का?" लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. वन्सं आज आजी झाल्यात, आणि अजून फोनवर पहिला प्रश्न, "वहिनी, बंब बाहेरच आहे ना?"

बंब बाहेर गेला तो कायमचा. गवंड्याकडून शहाबादी फरशीचा चौथरा करून घेतला. वर पत्रा, आणि तीन बाजू मोकळ्या. पावसाचा वारा येतो त्या एकाच बाजूला विटांचा आडोसा. जळणासाठी शेजारी फळ्यांची मांडणी, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे ओल चढत नाही. एवढं आधीच केलं असतं तर? पण सासूबाईंनी त्यासाठी कधी तोंड उघडून पैसे मागितले नव्हते, आणि घरातल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं. पहाटेचं काम बाईचं असलं की त्याच्या छपराचा विचार कोण करतो?

आणि हो, बाहेर ठेवला म्हणजे सगळं झालं, असंही समजू नका. १९९६ साली सासूबाईंचा खोकला बळावला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "विडी ओढता का?" आम्ही अवाक्! त्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. पण चुलीचा आणि बंबाचा धूर चाळीस वर्षं गिळला होता, आणि छाती विडी ओढणाऱ्यासारखी झाली होती. जीव जात नाही म्हणजे धूर निरुपद्रवी नव्हे. त्या दिवसापासून मी त्यांना बंबापुढे बसू दिलं नाही. आणि मलाही एकटीला बसायचं नव्हतं! ह्यांना निवृत्तीनंतर शिकवलं. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, आता मला बंबाजवळ फिरकू देत नाहीत.

धूर कमी कसा करायचा, ते अनुभवानं शिकलो. पेटवण्याआधी खालची राख रोज काढायची. राख साचली की जाळीतून हवा येत नाही आणि बंब धुमसतो. नळकांडं काठोकाठ भरायचं नाही. वीतभर लांबीच्या बारीक ढलप्या निम्म्यापर्यंत, आणि जळतील तशा थोड्या थोड्या. आठवड्यातून एकदा काठीला काथ्याचा बोळा बांधून नळकांड्यातली काजळी खरवडायची. काजळीचा थर असला की लाकूड जळतं आणि पाणी मात्र तापत नाही. पेटवायला दुधाची प्लॅस्टिकची पिशवी टाकायची सवय अनेकींना असते. नका हो टाकू! तो धूर फार विषारी. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूडसुद्धा नको.

आमचं बोअरचं पाणी जड. बंबाच्या आतून पांढरा क्षार धरतो आणि मग पाणी तापायला दीडपट वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्व पाण्यात विरघळवून बंबात ओतते, रात्रभर ठेवते, सकाळी तोटीतून सोडून देते आणि दोनदा स्वच्छ पाण्यानं विसळते. बाहेरून चिंच आणि मीठ, आपली जुनी रीत. तोटीपाशी हिरवा कळंक दिसला तर तो आधी घासून काढायचा. आणि बंबाचं पाणी आंघोळीचंच, स्वयंपाकाला नाही.

आणखी दोन गोष्टी. पाणी ओतायच्या तोंडावर झाकण असावं ते सैलच. वाफेला वाट हवी. तिथे बोळा कोंबला की बंब फुटायला वेळ लागणार नाही. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. घरात लहान मूल असेल तर हे ब्रह्मवाक्य समजा. पदर खोचून, सुती कपड्यातच बंबाजवळ जा. नायलॉनची साडी वितळून अंगाला चिकटते. राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत सापडतो, तेव्हा ती पत्र्याच्या डब्यात पूर्ण निवल्यावरच झाडांना घाला.

२००९ साली गच्चीवर सौर बंब बसवला. आठ महिने तोच पाणी देतो. पावसाळ्यात ढग उठतच नाहीत तेव्हा, आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, परसातला बंब पेटतो. नातवानं परवा वहीत गणित मांडलं. चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला विजेचे जवळजवळ दोन युनिट लागतात. वाळलेलं लाकूड लागतं सव्वा ते दीड किलो, कारण निम्म्याहून जास्त उष्णता टोपीतून आभाळात जाते. तेवढं पाणी गार पाण्यात निम्मंनिम्म मिसळलं की चारपाच आंघोळी! तो म्हणाला, "आजी, तुमचा बंब काही वाईट नाही." मी म्हटलं, "बंब कधीच वाईट नव्हता रे. जागा चुकली होती."

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बंबच नाही, मग हे सगळं आम्हाला कशाला? तर ऐका. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या इमारतीतली नवी सून मला म्हणाली, "काकू, आंघोळ करून आले की रोज डोकं दुखतं." माझ्या छातीत धस्स झालं. तशीच तिच्या घरी गेले. चिमुकलं न्हाणीघर, आत भिंतीवर गॅसचा गीझर, आणि थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला! जळण बदललं, पण खोली तीच, कोंडलेली. विस्तव दिसत नाही म्हणून तो नाही, असं थोडंच आहे? तिच्या नवऱ्याला आणि सासऱ्यांना बसवून मी १९८३ सालची सगळी हकीकत सांगितली. चार दिवसांत गीझर बाहेरच्या गॅलरीत गेला आणि नुसती नळी आत आली. तिची डोकेदुखी थांबली.

तेव्हा हे वाचून झालं की उठा. तुमच्या न्हाणीघरात जा आणि बघा. गॅसचा गीझर आत असेल तर मेकॅनिकला बोलावून बाहेर काढून घ्या. तोवर खिडकी उघडी, आणि आंघोळ चालू असताना गीझर बंद. आधी बादली भरून घ्या. थंडीत शेगडी पेटवून दारंखिडक्या लावून झोपू नका, बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच नको. आंघोळीनंतर कुणाचं डोकं दुखतं, कुणाला मळमळतं, ते विचारा. आणि कुणी आतून उत्तर देईनासं झालं तर शिकेकाई लावत असेल म्हणून थांबू नका. दार फोडा, दार पुन्हा बसवता येतं. माणसाला उघड्या हवेवर आणा आणि लगेच दवाखान्यात न्या, शुद्धीवर आलं तरी न्या.

आज पाडव्याच्या आदल्या दिवशी मी हे लिहितेय. परसात हे ढलप्या आपटून बघताहेत, टणटण आवाज येतोय. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. चौथरा मात्र त्यांच्या देखत बांधला होता, आणि त्याच्यावर पहिल्यांदा बंब पेटवला तो त्यांनीच. तेव्हा पावसात न भिजता, पाटावर बसून.